एकशे सत्त्याऐंशीव्या पानाचा वाचक

पळशीपूरच्या लोकमित्र वाचनालयात माणसं पुस्तकं वाचत नसत, पुस्तकांविषयी लिहीत असत. हा आरोप नाही, नोंद आहे. वाचनालयाचा एक जुना नियम होता. पुस्तक परत करताना मागच्या खिशातल्या चिठ्ठीवर जो अभिप्राय लिहून देईल, त्याचा नंबर पुढच्या नव्या पुस्तकासाठी पहिला. नियम करणाऱ्याला वाटलं असावं, लोक आधी वाचतील आणि मग लिहितील. लोकांनी त्यातला आधीचा भाग गाळला. नवं पुस्तक घरी न्यायचं, चार दिवस टीपॉयवर पाहुण्यांना दिसेल असं ठेवायचं, पाचव्या दिवशी 'अंतर्मुख करणारी कलाकृती' असं लिहून परत द्यायचं आणि पुढचं उचलायचं. लेखक खूश, वाचक खूश, पुस्तकाची पानं तर कोरी करकरीत.

एका बाईंनी मधुमेहींसाठीच्या पाककृतींच्या पुस्तकाला 'शेवट चटका लावून जातो' असा अभिप्राय दिला होता. ती चिठ्ठी चौदा वर्षं त्या पुस्तकात होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात यायला निदान चिठ्ठी तरी वाचावी लागते.

दोन हजार एकेचाळीसच्या मार्चमध्ये वाचनालयात वाचनपाट्या आल्या आणि हा सुखाचा काळ संपला.

पाट्या यायला कारण होतं. तोवर पुस्तकांवरचे अभिप्राय यंत्रंच लिहायला लागली होती. सकाळी कादंबरी बाहेर पडली की दुपारपर्यंत चाळीस हजार वाचक भारावून गेलेले असत आणि त्यातला एकही जन्माला आलेला नसे. प्रकाशकांचा कशावरच विश्वास उरला नाही. मग नियम निघाला, की वाचनपटाशिवाय अभिप्राय नाही.

पाटी दिसायला शाळेतल्या पाटीएवढीच. वरच्या कडेला दोन बारीक भिंगं. पहिल्या भिंगाशेजारून न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर पडतो आणि बुबुळावर उमटलेल्या त्याच्या ठिपक्यावरून नजर कोणत्या शब्दावर आहे ते कळतं. आपल्याला वाटतं, वाचताना नजर ओळीवरून घसरत जाते. ती घसरत नाही, उड्या मारते. सेकंदाला तीन-चार उड्या आणि दोन उड्यांच्या मध्ये पाव सेकंदाचा मुक्काम. वाचन होतं ते त्या मुक्कामात. अवघड शब्दापाशी मुक्काम लांबतो, न कळलेल्या वाक्यावर नजर मागे येते. नुसती पानं उलटणाऱ्याची नजर मात्र विहिरीत टाकलेल्या दगडासारखी सरळ खाली जाते.

दुसरं भिंग चेहरा बघतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखाली रक्ताची लाट येते आणि चेहऱ्याचा रंग केसभर बदलतो. माणसाला ते दिसत नाही, भिंगाला दिसतं. म्हणजे नाडी मोजायला मनगट धरावं लागत नाही. नजर आणि नाडी एकमेकांखाली मांडली की पुस्तकाच्या प्रत्येक पानासमोर एक रेघ तयार होते. तोच वाचनपट. माणसाच्या मनात काय आलं ते पाटीला कळत नाही. तो कुठे थांबला आणि थांबला तेव्हा त्याचं काळीज किती जोरात चाललं होतं, एवढंच ती सांगते. पळशीपूरसाठी तेवढंही पुष्कळ होतं.

पाटी घरी नेण्याआधी अकरा पानांच्या संमतिपत्रावर सही करायची होती. सभासदांनी ती नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे न वाचता केली. त्यामुळे आपला वाचनपट अभिप्रायाशेजारी फलकावर लागणार आहे आणि लेखकालाही जाणार आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाटीवर चढलेलं पहिलं पुस्तक गावचंच होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले विलास मोकाशी यांची 'मेघसत्ता'. चारशे बारा पानं. एक मुख्यमंत्री उपग्रहाच्या मदतीने ढग पळवतो, एक तरुण हवामानशास्त्रज्ञ ते पकडते, आणि पुढे सगळे जण हेलिकॉप्टरमधून एकमेकांवर गोळ्या झाडतात. दर आठ पानांनी कोणीतरी मरतं. प्रत्येक प्रकरण दार उघडण्याच्या आवाजावर संपतं. मोकाशींचा गावात मान होता आणि चुलतभावाचं मंगल कार्यालय होतं, त्यामुळे तीन आठवड्यांत एकसष्ट अभिप्राय आले.

ते तपासायचं काम ग्रंथपाल तृप्ती गवांदे यांचं. चाळिशी ओलांडलेली ही बाई वीस वर्षं त्याच टेबलामागे बसत होती आणि कोणता सभासद कोणतं विशेषण वापरणार हे त्याच्या चपलांच्या आवाजावरून सांगू शकत होती. तिने एका बाजूला अभिप्राय लावले, दुसऱ्या बाजूला वाचनपट.

'हातातून खाली ठेववत नाही,' असं लिहिणाऱ्या औषध दुकानदाराने पाटी एकूण अकरा मिनिटं हातात धरली होती. 'श्वास रोखून वाचली,' असं लिहिणाऱ्या मावशींचा श्वास अगदी सुरळीत होता, कारण बारा ते सोळा या पानांवर त्यांचे डोळे चाळीस मिनिटं मिटलेले होते. महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकांनी आठशे शब्द लिहिले होते. त्यात 'सत्ता आणि विज्ञान यांच्यातला द्वंद्वात्मक ताण' दोनदा आला होता. त्यांनी पहिली दोन पानं आणि शेवटचं एक पान वाचलं होतं, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात मेलेल्या इसमाच्या भवितव्याविषयी ते फार आशावादी होते.

वाचनालयाचे अध्यक्ष नलावडेसर, निवृत्त मुख्याध्यापक, यांचा अभिप्राय सर्वांत वर होता. 'एका बैठकीत संपवली.'

"बैठक एकच आहे, ते खरंय," तृप्तीने त्यांच्यापुढे पट सरकवला. "सतरा मिनिटांची. नऊ पानं."

"यंत्रात बिघाड आहे," सर म्हणाले. "माझा वाचनाचा वेग जास्त आहे. अडतीस वर्षं पेपर तपासलेत मी."

"तेही असेच?"

सरांना हा प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी चष्मा पुसला. "बरं, पूर्ण कोणी वाचली?"

"कोणीच नाही. सगळ्यांत पुढे गेलेत ते सुतारगल्लीतले कुलकर्णी. एकशे चार. तिथे त्यांच्याकडे पाहुणे आले."

"मग अवघड आहे." सरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. सरकारी पत्र स्पष्ट होतं. तीस जूनपर्यंत एका तरी पुस्तकाचं एक तरी पूर्ण वाचन नोंदलं गेलं नाही, तर वाचनालयाची मान्यता रद्द. "तुम्ही का नाही वाचत?"

"मला कुठे वेळ आहे सर? मी ग्रंथपाल आहे."

"मग गवांदेंना द्या. तुमच्या घरातच माणूस आहे की."

महेंद्र गवांदे नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात होता. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन मिसळतात, पण ते पाण्याबरोबर नळातून वाहताना वाटेतच खर्च होत जातं. जुन्या पाइपातली घाण, गळतीतून आत येणारं गटार, सगळं मारता मारता ते संपतं. म्हणून खरी परीक्षा वाहिनीच्या टोकाच्या नळाला. तिथल्या पाण्यात लिटरमागे निदान शून्य दशांश दोन मिलिग्रॅम क्लोरीन उरलं असेल, तर वाटेत काही जगलं नाही असं समजायचं. केंद्रावर आता सेन्सर होते, पण टोकाच्या नऊ नळांवर रोज सकाळी माणसानेच जायचं, नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते बघायचं आणि आकडा मोबाइलच्या रजिस्टरात टाकायचा. हे महेंद्रचं काम. त्याचं रजिस्टर जिल्ह्यात आदर्श म्हणून दाखवत.

"चारशे पानं?" तो म्हणाला. "मी काय गुन्हा केलाय?"

"माझी नोकरी आहे रे. नुसतं बघायचं नाही, वाचायचं. पाटीला कळतं."

महेंद्र बायकोवर प्रेम करणारा माणूस होता. घरात पिण्याचं पाणी वीस मिनिटं उकळून, गाळून, भरून ठेवायचं कामही गेली दोन वर्षं तो स्वतः करायचा, तिला हात लावू द्यायचा नाही. तेव्हा त्याने सहा संध्याकाळी गॅलरीत बसून 'मेघसत्ता' पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. असं करणारा तो गावातला एकटाच.

त्याचा अभिप्राय तीन ओळींचा होता. 'कादंबरी वेगवान आहे. हेलिकॉप्टरचा पाठलाग चांगला. मधली तांत्रिक माहितीची तीन पानं कंटाळवाणी आहेत, पुढच्या आवृत्तीत काढावीत.'

तृप्ती वाचनालयात बसून त्याचा पट बघत होती. सुरुवातीला तिला नवऱ्याचा अभिमान वाटला. हेलिकॉप्टरच्या पाठलागाला नाडी अडुसष्ट. मुख्यमंत्र्याच्या अपहरणाला सत्तर. शास्त्रज्ञ बाई आणि पत्रकार यांच्या प्रणयाला सहासष्ट, हे तिने जरा जास्त वेळ पाहिलं. मग रेघ एकदम उभी चढली होती. पान एकशे सत्त्याऐंशी. नाडी एकशे चोवीस. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे एकोणनव्वद, रेघ वरच. ती कंटाळवाणी तीन पानं त्याने सात वेळा वाचली होती. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचण्याआधी परत मागे जाऊन वाचली होती.

तिने पाटीवर एकशे सत्त्याऐंशीवं पान उघडलं. वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ती एखादं पान काय लिहिलंय हे कळावं म्हणून वाचत होती.

मुख्यमंत्र्याने पळवलेल्या ढगांतून विषारी पाऊस पडतो आणि ते कोणाला कळू नये म्हणून एका शहरातला पाणी तपासणारा कर्मचारी फितवला जातो, असा तो भाग होता. हा कर्मचारी नळावर जातच नाही. खुर्चीत बसतो, नऊ चौकटी उघडतो आणि नऊ वेळा शून्य दशांश चार लिहितो. मोकाशींनी त्यात पाइप, गळती, क्लोरीन सगळं समजावून सांगितलं होतं. दोनशे तीनाव्या पानावर त्या कर्मचाऱ्याची गाडी स्फोटात उडते. तिथे महेंद्रची नाडी परत सत्तरवर आली होती. मरण त्याला काहीच वाटलं नव्हतं. आकडा वाटला होता.

तृप्तीने पाटी बंद केली. घरातलं उकळलेलं पाणी तिला आठवलं. मग आई आठवली. आई कुंभारगल्लीत राहायची, वाहिनीच्या अगदी टोकाला, आणि नळाचं पाणी माठात भरून तसंच प्यायची. गेल्या श्रावणात तिला कावीळ झाली. अठरा दिवस दवाखान्यात. महेंद्र दोन्ही वेळा डबा घेऊन जायचा, आणि वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, असा जावई नशिबाने मिळतो.

आता तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या. तो पट लावला नाही तर पूर्ण वाचन नाही, मान्यता नाही, वाचनालयाला कुलूप. लावला, तर ज्याला एकशे सत्त्याऐंशीवं पान उघडायची बुद्धी होईल त्याला सगळं कळेल. तिने दुपारभर विचार केला. मग एकसष्ट जणांचे पट पुन्हा चाळले. शेवटच्या पानावर उडी मारणारे प्राध्यापक सोडले, तर त्यातला एकही माणूस एकशे चाराच्या पुढे गेलेला नव्हता. तिने गावाच्या आळसावर भिस्त ठेवली आणि बासष्टावा पट फलकावर चढवला.

भिस्त चुकीची नव्हती. रविवारी सकाळी फलकापुढे जत्रा भरली. औषध दुकानदार म्हणाला, हा खासगीपणावर घाला आहे. मावशी म्हणाल्या, डोळे मिटूनसुद्धा आपण वाचतो, आपल्याला सवय आहे. प्राध्यापकांनी 'वाचन ही मोजण्याची गोष्ट आहे का' या विषयावर तिथेच व्याख्यान दिलं आणि दोन जणांनी ते ऐकलं. प्रत्येकाने आधी स्वतःचा पट पाहिला, मग शेजाऱ्याचा, आणि शेजाऱ्याची पानं आपल्यापेक्षा कमी भरली की चेहरा जरा सैल सोडला.

"गवांदेंची नाडी बघितली का?" कुलकर्णी म्हणाले. "सरळ चाललेला माणूस आणि मध्येच एकशे चोवीस."

"चावट पान असणार," दुकानदार म्हणाला. "सात वेळा वाचलंय."

दोघं लगबगीने पाटीपाशी गेले. तृप्ती टेबलाची कड धरून उभी राहिली. त्यांनी पान उघडलं. पहिल्याच ओळीत 'क्लोरीन' होतं, दुसऱ्या ओळीत 'मिलिग्रॅम'. दोघांची नजर विहिरीतल्या दगडासारखी खाली गेली.

"छे," कुलकर्णी म्हणाले. "त्यांच्या खात्याचं काहीतरी आहे. ऑफिसची आठवण झाली असेल बिचाऱ्याला."

वाचनालय वाचलं. नलावडेसरांनी सरकारी कार्यालयात कळवलं, की पळशीपूरच्या समृद्ध वाचनसंस्कृतीचं फळ मिळालं.

तृप्ती घरी महेंद्रशी बोलत होती, पण भाजी, लाइट बिल आणि मुलीचा क्लास याविषयीच. तो काही विचारत नव्हता आणि ती काही काढत नव्हती. असे दोन दिवस गेले, दोनशेही गेले असते. पण मंगळवारी संध्याकाळी मोकाशी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"गवांदे, मी तुम्हाला भेटायला आलोय," ते सोफ्यावर बसायच्या आधीच म्हणाले. "तृप्तीताई, चहा बिनसाखरेचा. काय आहे, मला सगळ्यांचे पट आले. ठीक आहे, लोकांना वेळ नसतो. पण तुम्ही. ती तीन पानं प्रकाशक काढा म्हणत होता. मी हट्टाने ठेवली. माझ्या खात्यातल्या तीस वर्षांचं सार आहे ते. आणि तुम्ही ती सात वेळा वाचलीत. आता तुम्ही अभिप्रायात कंटाळवाणी म्हटलंय, पण नाडी खोटं बोलत नाही. काय भावलं तुम्हाला त्यात?"

"भावलं असं नाही," महेंद्र म्हणाला.

"संकोच करू नका."

"चुकलंय ते."

मोकाशींच्या हातातली बशी थांबली. "चुकलंय?"

तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. महेंद्रने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला गप्प बसता आलं असतं. पण ज्या माणसाने एखादं काम दोन वर्षं निगुतीने केलंय, त्याच्यापुढे कोणी त्याच कामाचं अडाणी वर्णन केलं तर त्याला गप्प बसवत नाही.

"तुमचा माणूस रोज नऊही ठिकाणी शून्य दशांश चारच लिहितो. असं कोण लिहितं? आठ दिवसांत पकडला जाईल. आकडे हलते ठेवावे लागतात. केंद्राजवळच्या नळाला चार, बाजारात तीन, टोकाला दोन. पाणी गढूळ असेल त्या आठवड्यात सगळे थोडे खाली. महिन्यातून एकदा एखादा नळ मुद्दाम शून्य दशांश एक दाखवायचा आणि शेऱ्यात 'वरिष्ठांस कळविले' टाकायचं. शेरा असला की वरच्यांना वाटतं, माणूस जागेवर जातो."

मोकाशींनी बशी खाली ठेवली आणि खिशातून पेन काढलं.

"आणि वेळा," महेंद्र म्हणाला. आता तो थांबत नव्हता. "तुमचा माणूस आठ वाजताच नऊच्या नऊ भरतो. नऊ नळ फिरायला गाडीवर पावणेदोन तास लागतात. म्हणजे मोबाइल घेऊन पावणेदोन तास बसावं लागतं. दर बारा मिनिटांनी एक. ते काम फिरण्यापेक्षा जिकिरीचं आहे."

"वा," मोकाशी लिहीत म्हणाले. "हा बारकावा कुठून आणलात?"

"कामच ते माझं."

"तेच म्हणतो. अनुभवाला तोड नाही. बरं, एक सांगा. तो हे का करतो, ते पटलं का? मी त्याला मंत्र्याचा दबाव दाखवलाय, पिस्तूल दाखवलंय."

"पिस्तूल कशाला लागतंय?" महेंद्र स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. "औषधाची बाटली संपली. तीनदा लिहून मागितली, आली नाही. रजिस्टर तर रोज भरायचं, नाही भरलं तर नोटीस. पहिल्या दिवशी कालचाच आकडा टाकला. दोनदा पुसून परत टाकला. दुसऱ्या दिवशी एकदाच पुसला. पाच आठवड्यांनी बाटली आली. तोवर सवय लागलेली."

मोकाशींनी पेनचं टोपण लावलं. "हे मात्र जमणार नाही. यात नाट्य नाही. वाचक म्हणेल, एवढ्याशा कारणाने कोणी असं करेल का. मंत्रीच राहू दे. पण आकड्यांचं घेतो मी, दुसऱ्या आवृत्तीत घालतो. आभारात नाव टाकू ना तुमचं?"

"नको," महेंद्र म्हणाला.

"विनय आहे," मोकाशी तृप्तीला म्हणाले आणि एक पेढा खाऊन, चारशे बारा पानांचा विज्ञानातला आणि राजकारणातला जाणकार, समोर काय सांगितलं गेलं याचा पत्ता न लागता जिना उतरून गेला.

दार लागलं. तृप्ती त्याच सोफ्यावर बसली.

"बाटली येऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

"आई कुंभारगल्लीत राहते, महेंद्र."

"मी त्यांना उकळून प्या म्हणालो होतो."

"कधी?"

महेंद्रने मोकाशींची बशी उचलली.

"कधी म्हणालास?"

"कावीळ झाल्यावर."

खाली रस्त्यावर कोणीतरी पाण्याचा पाइप लावून गाडी धूत होतं.

"पट बघितला तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली.

"मग लावलास कशाला?"

"वाटलं, कोणी वाचणार नाही."

महेंद्रने मान हलवली. "मलाही तेच वाटायचं. रजिस्टर कोण वाचतंय?"

तिला त्याला बोलायचं होतं ते सगळं त्या एका वाक्यावर येऊन अडलं. त्याने गावाच्या पाण्याचं जे केलं तेच गावाने मोकाशींच्या कादंबरीचं केलं होतं, आणि तिने रविवारी फलकापुढे उभं राहून दोन्हीचा फायदा घेतला होता. फरक एवढाच, की न वाचलेल्या कादंबरीने कोणाचे डोळे पिवळे होत नाहीत.

"उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येणार आहे," ती म्हणाली. "पहिला नळ कुंभारगल्लीचा."

"शून्य आलं तर?"

"तर शून्य लिहायचं."

"तृप्ती, दोन वर्षं दोन येतंय तिथे. एकदम शून्य लिहिलं तर मागचं सगळं उघडतील. नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा उचलून आत गेली.

सकाळी सातला ते आधी केंद्रावर गेले. औषधाची बाटली कपाटात सील न फोडलेली होती, मुदतीला चार महिने उरलेले. महेंद्रने केंद्राच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. म्हणजे औषध चांगलं होतं. आता सबब कुठलीच उरली नव्हती.

कुंभारगल्लीत तृप्तीची आई नळावर कळशी लावून उभीच होती.

"काय गं, सकाळी सकाळी? आणि जावईबापू आज इकडे कुठे? यांना या गल्लीत बघून मला जमाना झाला."

महेंद्रने कळशी बाजूला केली. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, झाकण लावून हलवलं आणि उजेडाकडे धरलं. तिघं बघत राहिले. पाणी होतं तसंच, स्वच्छ, चकचकीत, काचेसारखं. त्याने नळी धुऊन परत घेतली. परत तसंच.

"किती छान दिसतंय," आई म्हणाली. "भरू का?"

"नको आई," तृप्ती म्हणाली. "आज नको."

महेंद्रने मोबाइल काढला. कुंभारगल्लीच्या चौकटीत त्याने शून्य टाकलं. शेऱ्याच्या जागी त्याचा अंगठा थांबला. आपोआप 'वरिष्ठांस कळविले' आलं होतं. ते त्याने पुसलं, 'पिऊ नये' असं लिहिलं आणि 'पाठवा' दाबलं.

चार मिनिटांत फोन आला. पाणीपुरवठा अभियंता शेळकेसाहेब. महेंद्रने आवाज मोठा केला, कारण तृप्तीने तसं खुणेने सांगितलं.

"गवांदे, काय टाकलंयत हे? इथे लाल दिवा लागलाय, जिल्ह्याला मेसेज गेला. तिथे शून्य कसं येईल? दोन वर्षं दोन येतंय."

"साहेब, दोन वर्षं मी इथे आलोच नव्हतो."

फोनवर केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. मग शेळकेसाहेब अगदी हळू, दुखावल्यासारखे म्हणाले,

"मग आज कशाला गेलात?"

महेंद्रने सासूबाईंची कळशी उचलून गल्लीच्या गटारात पालथी केली.

"साहेब, अजून आठ नळ राहिलेत," तो म्हणाला आणि गाडीला किल्ली लावली.